नवसाचं कलम

धरमपुरीच्या शाळेत मी पाचवीला शिकवत होते, तेव्हा अंगणातल्या रायवळ आंब्यावर हेडसरांचा राग होता. कैऱ्या इतक्या आंबट, की माकडंसुद्धा चावून फेकून देत. "मॅडमजी, पेड़ कटवाके साइकिल स्टैंड बनवाते हैं," ते म्हणाले. मला राग पटकन येतो. म्हटलं, "याच्यावर मुलांकडून कलमं बांधून घेते. एकाला जरी पालवी फुटली, तरी झाड तोडायचं नाही." ते हसत हसत हो म्हणाले.

कलम बांधणं मी देवासला वडिलांकडून शिकले. म्हणजे ते बांधायचे आणि मी सुरी हरवायचे. तरी मार्चच्या सुरुवातीला पाच मुला-मुलींना घेऊन पाच फांद्यांवर लंगडा जातीच्या गोड आंब्याच्या काड्या बसवल्या. वरून दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या गुंडाळल्या. त्या सैल व्हायला लागल्या, तशी मुलं घरून पूजेचा लाल धागा, इकडे त्याला लच्छा म्हणतात, घेऊन आली. त्यानं घट्ट आवळलं. तिथेच मी माती खाल्ली.

मुलांनी घरी सांगितलं, मॅडमनी झाडाला लच्छा बांधायला लावला. परीक्षा तोंडावर आलेली. आया काय समजायचं ते समजल्या. रोज झाडाला कुंकू, उदबत्ती, जाता-येता नमस्कार. मला वाटलं, बागकामाचं केवढं हे कौतुक! मी फुशारून माहेरी फोनसुद्धा केला.

निकालाच्या दिवशी चार आया नारळ घेऊन आल्या. "म्हारी छोरी पास हुई गई, मन्नत पूरी," म्हणत पहिलीनं लच्छा सोडला. नवस फिटला की धागा सोडतात, हे मला ठाऊक होतं. माझं झाड नवसाला पावतंय, एवढंच ठाऊक नव्हतं. मी वर्गातून धावत येईपर्यंत चारही काड्या जमिनीवर. मी इतकी ओरडले, की एकीनं घाबरून खोबऱ्याचा तुकडा माझ्याच तोंडात घातला.

पाचवं कलम मात्र जागच्या जागी होतं. ते बांधणारी मुलगी गणितात नापास झाली होती, म्हणून तिची आई फिरकलीच नव्हती. मुलगी झाडाखाली डोळे पुसत उभी होती. "मेरा मत खोलना मैडम, मैं तो फेल हूं." मला तिचं वाईट वाटलं आणि, खरं सांगते, आनंदही झाला. त्याची लाज अजून वाटते.

पुढे त्या काडीवर तांबूस पालवी फुटली. हेडसर चष्मा पुसून दोनदा बघून गेले. सायकल स्टँड मागच्या भिंतीला गेलं.

उन्हाळ्यात मी त्या नापास मुलीला त्याच झाडाखाली गणित शिकवलं. ती पुन्हा परीक्षेला बसून पास झाली आणि आई नारळ घेऊन हजर. मी हात पसरून झाडापुढे उभी राहिले. मुलगी माझ्या काखेखालून पुढे आली.

"अभी मत खोल, माय," ती म्हणाली. "पास होने की मन्नत तो तूने मांगी थी. मैंने तो आम मांगा है."