उघडल्याची तारीख

जनूकाका कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की आधी डबे उलटे करून बुडाची तारीख वाचायचे, मग प्यायला पाणी मागायचे. कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात त्यांनी सारा जन्म स्टोअर सांभाळलं. काका निवृत्त झाले, स्टोअर त्यांच्या अंगातून काही निवृत्त झालं नाही. घरातल्या हळदीच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी असायची. उघडल्याची तारीख आणि खाली दोन सह्या, 'देणार' आणि 'घेणार'. देणार ते, घेणार काकू. काकू मुद्दाम सहीच्या जागी हळदीचा अंगठा उठवायच्या.

आम्ही कराडकडचे, नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला आलेलो. काका मूळचे उमरोळीचे, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. तेव्हा मी घरी केक करून विकायच्या खटपटीत होते. केळव्याच्या एका होमस्टेने रविवारसाठी दोन केक सांगितले होते. आवडले तर दर शनिवार-रविवारी माझेच केक, असं ठरलं होतं. आदल्या दिवशी मी नमुन्याचा केक केला, तर तो फुगलाच नाही. भाकरीसारखा चपटा. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात वासावर काका वर आले.

"बेकिंग पावडर दाखव."

डबा गॅसच्या वरच्या फळीवर होता. मी ठसक्यात सांगितलं, "तारीख अजून वर्षभर आहे, काका."

"ती बंद डब्याची. तू उघडलास कवा?"

मला आठवेना. पावसाळ्याच्या आधी कधीतरी.

"जलमतारीख नाय ठावूक, नि कामावर ठेवलास?" म्हणत त्यांनी वाटीत कढत पाणी घेतलं, अर्धा चमचा पावडर टाकली. ती मुकाट तळाशी जाऊन बसली. एक बुडबुडा आला, तोही उपकार केल्यासारखा.

"मेली ही. गॅसची वाफ, समुद्राची हवा, त्यात तुजा वला चमचा. फसफसायचं ते डब्यातच फसफसून मोकली झाली."

आता फ्रिजमध्ये ठेवीन म्हटलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "भायेर काढलास की डब्याला घाम येल. कोरडं कपाट, कोरडा चमचा, झाकण घट्ट. सा महिने झाले की पान्यात परीक्षा."

मग स्कूटरवर बसवून मला बाजारात नेलं. दुकानदाराने पुढचा डबा दिला, काकांनी मागचे सगळे उतरवायला लावले. "काका, जुना माल आधी काढावा असं तुम्हीच सांगता ना?" दुकानदार कुरकुरला.

"स्टोअरला होतो तवा जुना आधी देत होतो. आता गिऱ्हाईक हाय, नवा आधी घेनार."

घरी आल्यावर तपासणी. वाटी अशी फसफसली की काका खुलले आणि पुन्हा एकदा बघू म्हणाले. तिसऱ्यांदा चमचा बुडवायला निघाले, तेव्हा मागोमाग वर आलेल्या काकूंनी डबा हिसकावला. "तिला केक करायचाय, का तुमची परीक्षाच चालू ऱ्हानार?"

केक टम्म फुगले. केळव्याची ऑर्डर लागली ती आजतागायत. माझ्याही डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. नवी चिठ्ठी लावताना काका हटकून म्हणायचे, "आनलेली वस्तू वापरायची. नुसती ठेवून कंची वस्तू टिकली हाय?"

गेल्या वर्षी काका गेले, दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या. महिन्याभराने काकू एक बंद डबा घेऊन वर आल्या. "तुज्या केळव्याच्या केकासाठी आनून ठेवलावता. कपाटात गावला." वर चिठ्ठी होती. तारखेची जागा कोरी, 'देणार'खाली काकांची सही.

मला तो उघडवेना. शोकेसमध्ये ठेवला आणि ऑर्डरसाठी दुसरे डबे आणत राहिले. काकांची तेवढीच वस्तू माझ्याकडे होती.

परवा तो काकूंच्या नजरेला पडला. त्यांनी तो उलटा करून बुडाची तारीख वाचली, अगदी काकांसारखी. "पुढल्या महिन्यात संपतेय. नि तू शोकेसला ठेवलास? ते असते तर तुला मेमो दिला असता."

त्यांनीच पाणी कढत ठेवलं. मी डबा उघडला. वाटी काठापर्यंत फसफसली तशा आम्ही दोघी हसलो, आणि मग मला रडू आवरेना. त्या शनिवारी पहिला केक केळव्याला गेला नाही, खालच्या मजल्यावर गेला.

चिठ्ठीवर मी तारीख घातली. मग काकांच्या सहीशेजारी, 'घेणार'खाली, माझी सही केली.