शिवप्पा मास्तरांच्या पत्राचं उत्तर

माझे आजोबा, तात्या, ऐन वेळी कच खाल्लेले गृहस्थ होते.

आज तात्यांचा स्मृतिदिन. दरवर्षी फोटो टाकून मोकळी होते. यंदा ते जमेना, सकाळपासून नुसती घरभर फिरतेय.

एकोणीसशे तीसच्या जरा आधीची गोष्ट. तात्या सोलापुरात शाळामास्तर. मास्तरांचा एक संघ होता आणि त्याचे कायमचे अध्यक्ष कोण? तर शाळा तपासणारे दिपोटीसाहेब! बदल्याही त्यांच्याच हातात.
मग सभेत तोंड कोण उघडणार?

तात्यांचे जिवलग मित्र शिवप्पा मास्तर, अक्कलकोटकडचे. त्यांनी ठराव लिहिला. अध्यक्ष मास्तरांतलाच हवा, आणि निवड चिठ्ठ्या टाकून, गुप्त.

"तुमी फकस्त अनुमोदन द्या. बाकीचं मी बघतो की."
"दिलं म्हणून समजा," तात्या म्हणाले.

आता गंमत बघा. गुप्त मतदानाचा ठराव, आणि तो पास करायचा कसा? साहेबांसमोर हात वर करून!
इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या हे डोक्यातच कसं आलं नाही!

साहेबांनी विचारलं, "अनुमोदन कुणाचं?"

तात्या उठले नाहीत.

घरी आजीचे दिवस भरत आलेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सोलापूर सोडू नका.

ठराव बारगळला. महिन्याभरात शिवप्पांची ट्रान्सफर झाली, लांबच्या खेड्यात.
बाबा सोलापुरातच दवाखान्यात जन्मले. आजी फार अडली होती म्हणे, दवाखाना होता म्हणून दोघं वाचली.
म्हणून आज मी हे टाईप करतेय.

पुढे नवे साहेब आले. त्यांना अध्यक्षपदाचा कंटाळा. तोच ठराव पाच मिनिटांत पास!

बाबांच्या जन्मानंतर लगेचच तात्यांनी शिवप्पांना माफीचं पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, "चूक माझी. तुमच्या घरची अडचण मी आधी विचारायला हवी होती. बाळ कसं आहे?"

"त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं," तात्या म्हणायचे आणि येरझाऱ्या घालायचे.

मी एकदा विचारलं, "मग भेटायला का नाही गेलात?"
"कुठल्या तोंडानं जाऊ?"

शिवप्पा आधी गेले. तात्यांना ते तीन महिन्यांनी कळलं.

तात्या, मला तुमचा राग येतो. आणि तुमची फार आठवण येते. त्या पत्राला साधं उत्तरही दिलं नाहीत तुम्ही.

आज मी देते.

शिवप्पा मास्तर, बाळ छान होतं. नव्वदी बघून गेलं.

तुम्हा दोघांनाही माझा नमस्कार.