अंजनाच्या फळ्या आणि माझी करंगळी

सलग दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि कशामुळे म्हणाल तर एका फटीमुळे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे करवत आहे.

तेव्हा आम्ही मानोऱ्याला राहत होतो. हे तिथे शाळेत मास्तर, आणि विजू आमचा चार वर्षांचा. घरापुढे सगळी काळी माती. तिच्यावर दोनदा दगडी ओटा बांधला आणि दोन्ही वेळा उन्हाळ्यात तिने भेगा पाडून तो वाकडा केला. शेवटी ह्यांनी ठरवलं, लाकडी खांबांवर फळ्या ठोकून ओटा करायचा. एका पाडलेल्या गोदामातल्या अंजनाच्या फळ्याही मिळाल्या.

अंजनाचं लाकूड पाहिलंय कधी? खिळा ठोकला तर फळीला काही होत नाही, खिळाच मान टाकतो. म्हणून शंकर मिस्त्री स्क्रू लावत. सकाळी "जयभीम वहिनी" म्हणत यायचे, आधी गिरमिटाने भोक पाडायचे, मग स्क्रू धुण्याच्या साबणावर घासायचे आणि मग पेचकसाने पिळत आत घालायचे. विजू दिवसभर त्यांच्यापुढे उकिडवा बसलेला. मिस्त्रीही त्याला दर स्क्रूमागे एकच धडा द्यायचे, "आंधी साबन, मंग पेचकस. उलटं केलं का फसलाच."

इथपर्यंत सगळं छान. पण मिस्त्रींनी दर दोन फळ्यांमध्ये फट सोडली होती. पाणी खाली जावं आणि लाकूड फुगलं तर त्याला जागा असावी म्हणून. ह्यांना त्या फटीतून पाणी जाताना दिसत होतं. मला विजूचं बोट जाताना दिसत होतं. बोट अडकणार, सुजणार, काळंनिळं पडणार, अकोल्याला न्यावं लागणार, आणि नेमकी एस.टी. निघून गेलेली असणार. मी मॅट्रिक पास. आरोग्यशास्त्रात मला चांगले गुण होते. त्याचा उपयोग इतकाच झाला, की ज्याला ज्याला मी घाबरत होते त्याचं नाव मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी, हे शाळेत गेल्यावर, मी मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ह्या फटी बुजवा.

"काहून वहिनी?"

"पोराचं बोट अडकेल."

"पेन्सिलीवढी तं फट हाये. कायचं बोट जाते तिच्यात?"

मी त्यांना कडेची फळी दाखवली. ती जराशी बाकदार होती, त्यामुळे तिच्या एका टोकाला फट चांगली रुंद होती आणि पुढे निमुळती होत गेली होती. मिस्त्री म्हणाले, ती उद्या सरळ करून देतो. तोवर पोरगं काही बोट घालत नाही, त्याला अक्कल आहे.

हे मला लागलं. म्हणजे अक्कल कोणाला नाही? मी तिथेच फतकल मारून बसले. म्हटलं, हे बघा, लेकरू असं बोट घालेल आणि असं पुढे सरकवेल. आणि रुंद टोकातून करंगळी घालून निमुळतीकडे सरकवून दाखवली.

समजावणं अगदी उत्तम झालं. फक्त करंगळी परत येईना.

आधी मी हसले. मग हळूच ओढली. मग दोन्ही पाय रोवून ओढली. मग जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "मिस्त्री, जरा इकडे येता का?"

त्यांनी वाकून पाहिलं. "वहिनी, कायले घातलं?"

"दाखवायला."

ते हसले नाहीत. मला जास्त भीती त्याचीच वाटली. तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाई कुंपणापाशी आल्या. आल्या त्या धीर द्यायला, पण त्यांच्या कामरगावच्या मावसभावाचं बोट कडबा कापताना कसं गेलं ते सांगू लागल्या. अगदी पहिल्यापासून. माझी करंगळी लाल झाली होती, आता तिच्यात ठोके पडायला लागले.

मिस्त्री उठले, आपल्या थैलीपाशी गेले आणि त्यांनी करवत बाहेर काढली.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? चार बोटांनी भाकरी थापता येते का, विजूची बटणं कोण लावेल, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"मिस्त्री, थांबा. हे येईपर्यंत थांबा."

"मास्तर येऊन काय करतीन?"

"सही करतील. ऑपरेशनला नवऱ्याची सही लागते."

मिस्त्री करवत हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी ती शांतपणे बाजूला ठेवली आणि तिच्याखालून, थैलीच्या तळातून, साबणाची वडी काढली. ती भिजवून माझ्या करंगळीला चोहीकडून चोपडली, बोट जरासं मागे सरकवलं, पिळल्यासारखं केलं आणि काढून माझ्या हातात दिलं. सांध्यावरची साल तेवढी निघाली होती. शेवंताबाईंची गोष्ट अर्धीच राहिली, त्यामुळे त्या जरा नाराज दिसल्या.

झाली ती शोभा पुरे होती. पण मी आई आहे, म्हटलं यातून निदान पोराला तरी शहाणपण येऊ दे. विजूला जवळ बोलावलं, लाल करंगळी त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हटलं, "पाहिलंस ना? फटीत बोट घातलं की काय होतं?"

त्याने बोट नीट निरखलं. मग फट पाहिली. मग मिस्त्रींच्या हातातला साबण पाहिला. आणि मोठ्या माणसासारखी मान हलवून म्हणाला,

"आई, साबन आंधी लावा लागते."