काल काय बदललं?

जगात कुठलीही वस्तू आपोआप बिघडत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. परभणीच्या टेलिफोन एक्सचेंजात ते मेकॅनिक होते आणि अक्काच्या वशिल्यानं मीही तिथंच ऑपरेटर म्हणून चिकटलो होतो. वशिला एवढाच, की मला मॅट्रिकपुरतं इंग्रजी येत होतं आणि दाजींचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजामी जाऊन चार-सहा वर्षं झाली होती, वरच्या ऑफिसची पत्रं आता इंग्रजीत यायला लागली होती, आणि ती वाचून दाखवायला घरचंच माणूस बरं, असा अक्काचा हिशेब.

एक्सचेंज म्हणजे एक खोली आणि तिच्यात पन्नास नंबरांचा एक लाकडी बोर्ड. गावात कुणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबरची पितळी झडप खट्‌कन पडायची. आपण त्या भोकात दोरीची पिन खुपसायची, ‘नंबर?’ म्हणून विचारायचं आणि दुसऱ्या भोकात जोडून द्यायचं. झडपांवरचे आकडे उर्दूच राहिले होते, कारण दाजींनी ते बदलू दिले नाहीत. “चालू हाय न्हवं? मग हात लावायचा न्हाई,” हा त्यांचा एक कायदा. बोर्डासमोर चप्पल घालून यायचं नाही, हा दुसरा. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे एक प्रश्न होता. बिघाड कसलाही असो, ते आधी विचारायचे, “काल काय बदललं?”

एकदा एक अडत्या तणतणत आला. फोन मुका झालाय, भाव कळेना, तुमी इथं बसून काय करायलाव? दाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी शेठला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “शेठ, काल काय बदललं?” शेठ म्हणाले, काही नाही. दाजी म्हणाले, पाव्हणे आले? सामान हललं? भिंतीला चुना दिला? अर्ध्या तासानं शेठला आठवलं की जावई आलाय आणि त्याची नवी सायकल चोरीला जाऊ नये म्हणून दुकानात आत घेतलीय. झालं. सायकलीच्या हँडलात तार अडकून तुटली होती. दाजींनी शेठच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “आधी माणूस तपासायचा. मशीन काय, पळून जात न्हाई.”

घरीही तेच. एकदा आमटी खारट झाली. दुसऱ्या कुणी पाणी मागितलं असतं किंवा ताट सरकवलं असतं. दाजींनी घास हातात धरूनच विचारलं, “काल काय बदललं?” अक्का पोळपाटावरून मानही वर न करता म्हणाली, “काल तुमी गप जेवला होता, तेवढंच बदललं.”

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे अर्ध्याची. लाईन कुठं तुटली हे शोधायचं तर बाकीचे लोक पहिल्या खांबापासून चालत निघत. दाजी मोटारीनं सरळ मधल्या खांबाशी उतरायचे, वर चढून दोन्हीकडं कान लावायचे, आणि जी बाजू मुकी तिच्या पुन्हा मध्यावर जायचे. यात शहाणपण होतं, मी नाही म्हणत नाही. पण शेजाऱ्यांची शेळी हरवली तेव्हाही हे गृहस्थ घर आणि बाजार यांच्या बरोबर मध्यावरच्या हॉटेलात जाऊन बसले, चहा मागवला, आणि शेळी इथनं पुढं गेली नाही याची खात्री करून घेऊन परत फिरले. शेळी सापडली हे खरं. आमच्याच परसात, दोरीवरचा दाजींचा सरकारी शर्ट खाताना. कॉलर आणि एक बाही तेवढी वाचली होती.

आणि त्यांचं ते बुक! निजामीतलं जाडजूड शिकायत-बुक, त्यात तीन रकाने: शिकायत, सबब म्हणजे कारण, आणि इलाज. आधीची पानं उर्दूत, पुढची मोडक्यातोडक्या मराठीत. त्यात खोटं लिहायचं नाही आणि इलाजाचा रकाना कोरा ठेवायचा नाही, हे दाजी देवाधर्मासारखं पाळत. शेळीच्या शर्टाचीही नोंद त्यात होती. इलाज: ‘दोरी उंच बांधली.’

आता वाडीचं सांगतो. झरीच्या पुढं आत एक गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, नुसतं वाडी म्हणतो, कारण गोष्टीतले पोस्टमास्तर फार सज्जन होते. त्या वाडीपर्यंतची लाईन दाजींनी स्वतः उन्हातान्हात उभी केली होती. गावकऱ्यांनी खड्डे खणून दिले होते आणि खांबागणिक भाकरी आणली होती. ती लाईन लागल्यापासून बाई अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की पोस्टातून परभणीच्या डॉक्टरला फोन जायचा. दाजी त्या लाईनीबद्दल बोलायला लागले की अक्का म्हणायची, “झालं, लेकीचं कौतुक सुरू झालं.”

एका उन्हाळ्यात ती लाईन मुकी व्हायला लागली. आधी आवाज विहिरीतून आल्यासारखा, मग नुसती कुजबूज, मग तीही नाही. वरच्या ऑफिसचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं: पंधरा दिवसांत दुरुस्त झाली नाही तर लाईन उतरवून तार दुसरीकडं न्यावी. दाजींनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आमटी चांगली झाली होती, तरी नाही. एरवी मी त्यांची थट्टा करण्यात पुढं, पण त्या दिवशी ते पत्र मी त्यांच्या नजरेआड ठेवून दिलं.

तेरा दिवस ते खांबाखांबावर चढले. मध्यावर जाऊन ऐकलं. अलीकडची अर्धी तार चांगली, पलीकडची अर्धी तारही चांगली, आणि पुरी लाईन मात्र मुकी. असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. चौदाव्या दिवशी म्हणाले, “चल, माणूस तपासायचा राहिलाय.”

वाडीचे पोस्टमास्तर महिन्यापूर्वीच बदलून आले होते. टापटिपीचा माणूस. दाजींनी चहा येण्याआधीच विचारलं, “तुमी आल्यापासून काय काय बदललं?”

“काही नाही हो,” मास्तर म्हणाले. “उलट मी सगळं स्वच्छ केलं. या, दाखवतो.” आणि त्यांनी आम्हाला मागच्या अंगाला नेलं. तिथं जमिनीत पुरलेली, लाईनीची लोखंडी सळई होती. “कुणीतरी हिला शेंदूर फासला होता. एक म्हातारी रोज येऊन पाणी घालायची, नुसता चिखल. मी सळई घासून काढली, काट्याचं कुंपण घातलं, म्हातारीला मना केलं.” कुंपणावर पाटीही होती: सरकारी मालमत्ता.

दाजी खाली बसून सळईजवळची माती चाचपू लागले. मला आधी समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. या लाईनीला तार एकच होती. आवाजाची जायची वाट तारेतून आणि परतीची जमिनीतून, त्या सळईवाटे. जमीन ओली असेल तर वाट चालू. आणि आता त्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

म्हातारीचं नाव गिरजाबाई. मेंढरंवाल्यांच्या घरातली. आम्ही मास्तरांना घेऊन गेलो तेव्हा ती दारात लोकर पिंजत होती आणि आमच्याकडं बघायला तयार नव्हती.

“मास्तर म्हणला, ह्यो देव न्हाई, सरकारी हाय,” ती म्हणाली. “मग सरकारनं घालावं पाणी.”

दाजी तिच्यासमोर उकिडवे बसले. “बाई, त्यो कोन हाय ते मलाबी पुरतं ठाव न्हाई. पर तुमी पाणी घातल्याबिगर त्यो बोलत न्हाई, एवढं खरं.”

तिनं मास्तरांकडं बोट केलं. “ह्यानला घागर उचलू द्या.”

मास्तरांनी घागर उचलली. एक नाही, विहिरीवरून पाच खेपा केल्या. म्हणून म्हटलं, सज्जन माणूस. गिरजाबाईंनी पाणी ओतलं, कुंकू लावलं, आणि दाजींनी आत जाऊन हँडल फिरवलं. परभणीहून आवाज आला, “नंबर?” अगदी लख्ख. दाजी नुसतेच म्हणाले, “काही न्हाई. बोलत राहा.”

बुकात त्यांनी लिहिलं, ‘सबब: गिरजाबाईचं पाणी बंद. इलाज: चालू केलं.’ इंग्रजी रिपोर्टात मी नुसतं ‘जमीन कोरडी’ घालणार होतो, पण त्यांनी नाव घालायला लावलं. वरून विचारणा आली, की ही गिरजाबाई कोणत्या हुद्द्यावर आहे? दाजींनी कळवलं, हुद्दा नाही, पण काढू नये. लाईन राहिली.

त्या दिवसापासून रोज सकाळी वाडीची झडप पडायची आणि मास्तर सांगायचे, “पाणी झालं.” दाजी म्हणायचे, “आवाज साफ हाय. बाईला सांगा.” आणि बुकात वाडीपुढं, इलाजाच्या रकान्यात, लिहायचे: ‘पाणी झालं.’ पुढं दोन-तीन वर्षांनी वाडीला दुसरी तार आली. आता परतीची वाटही तारेतूनच. सळईचं काम संपलं. मास्तरांनी फोनवर विचारलं, बाईंना सांगू का? दाजी म्हणाले, “चालू हाय न्हवं? मग हात लावायचा न्हाई.” आणि झडप रोज पडत राहिली. मी चिडवायचो, की दाजी, आता बुकात खोटं चाललंय. ते म्हणायचे, पाणी झालं असंच लिवतो न मी? झालंच हाय की ते.

मग एका सकाळी झडप पडली. मी पिन लावली. मास्तर म्हणाले, “दाजींना सांगा, आज पाणी नाही. गिरजाबाई पहाटे गेल्या.”

दाजींनी ऐकलं आणि पहिली मोटार धरून वाडीला गेले. संध्याकाळी परत आले, धोतराचा काठ चिखलानं भरलेला. हातपाय धुऊन त्यांनी बुक ओढलं.

“दाजी, लाईन तर चालू आहे,” मी म्हणालो. “शिकायत कसली?”

“काल काय बदललं ते लिवाय लागतं,” ते म्हणाले.

ते बुक आता माझ्याकडं आहे. एक्सचेंज बदललं तेव्हा रद्दीत चाललं होतं, ते मी उचलून आणलं. दाजींची आठवण फार आली की चाळत बसतो. त्या तारखेला लिहिलंय: ‘वाडी. लाईन चालू. सबब: गिरजाबाई वारल्या.’ पुढं इलाजाचा रकाना आहे. सबंध बुकात तेवढाच एक त्यांनी कोरा सोडलाय.