कान बांधलेली कुत्री

पनवेलच्या जनावरांच्या दवाखान्यात मी मांजराला लस द्यायला घेऊन बसलो होतो. शेजारी एक म्हातारी मासळीवाली, पायाशी तिची कुत्री. बाळंतिणीचे बांधतात तसे कुत्रीचे कान जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधलेले. पुढ्यात लहान मुलाची एकच चप्पल, ती चाटणं चाललेलं. मला हसू आलं. वास्तविक घरी रोज मांजराला ‘जेवलीस का’ विचारणाऱ्या माणसाने हसू नये.

डॉक्टर म्हणाले, “आजी, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं ना, त्यानंतर हार्मोन बदलले की कधीकधी असं होतं. हे खोटं बाळंतपण. कान सोडा, पिल्लू समजून चाटतेय ती चप्पल लपवा. थोड्या दिवसांत विसरेल.”

“दूध आलाय तिला. त्ये पन खोटा?”

“नाही, दूध खरं आहे.”

म्हातारीने कान सोडले नाहीत. उलट गाठ चाचपून घट्ट केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “चप्पल नातवाची का?”

“हां. समदी तलोज्याला गेली, नव्या बिल्डिंगीत. ही एक हितंच ऱ्हायली.”

“मग लपवणार ना?”

“लपवली तं मना पन नाय दिसाची,” ती म्हणाली, आणि चप्पल तिने कुत्रीच्या तोंडात दिली.