वळणावरची कुईकुई

माझी इलेक्ट्रिक गाडी इतकी मुकी आहे, की आत कोणी उसासा टाकला तरी ऐकू येतो. त्यामुळे ती वळताना कुईऽऽ करायला लागली तेव्हा माझं डोकंच फिरलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बाबांना आणि मला बाकावर बसवलं, चाकं काढली, ग्रीस लावलं, चक्कर मारून आले आणि म्हणाले, "आवाज नाही मॅडम." घरी निघालो तर पहिल्याच वळणावर कुईऽऽ!

मागे बसलेले बाबा गरजले, "मी तुले म्हटलंच होतं ना वं, पेट्रोलची घे!"

मी दात-ओठ खात गाडी चालवत राहिले. हुडकेश्वरला बाबा भाजी घ्यायला उतरले, तेवढ्यात मी गाडी वळवून उभी केली. आवाज नाही. पुन्हा वळवली, तरी नाही. बाबा पिशवी घेऊन बसले, मी स्टिअरिंग फिरवलं आणि कुईऽऽ! आरशात पाहिलं, तर बाबा सीटवरून सरकत होते. मागच्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच होतं. सीट मळेल म्हणून त्यांनीच ते कोणाला काढू दिलं नव्हतं.

"बाबा, गाडी नाही, तुम्ही वाजून राहिले!"

तिथंच, भाजीवाल्यांच्या देखत, मी ते टराटरा फाडलं. बाबा नुसते "अवं, अवं" करत राहिले. पुढच्या वळणावर गाडीतून हूं की चूं नाही. बाबांनी फाटक्या प्लास्टिकची नीट घडी घातली, ती पिशवीत मेथीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "झाली गाडी जुनी."