केवळरामचं रडणं

केवळरामचे केस कमरेपर्यंत होते. गावातल्या निम्म्या बायकांना त्याचा हेवा वाटायचा आणि उरलेल्या निम्म्या, तो कुठलं तेल लावतो, हे त्याच्या बायकोला विचारायच्या. कुंता वैतागून म्हणायची, "घरात वेण्या दोन आन् तेलाची शिशी एक. मले काऊन विचारता, त्यालेच विचारा." दिवसा तो केसांचा अंबाडा घालून वर दुपट्टा गुंडाळायचा, डोंगा घेऊन तलावात उतरायचा आणि इतर ढिवरांसारखाच जाळं टाकायचा. मंडई जवळ आली की तो आमच्या दंडारीतली बाई व्हायचा.

मूल गावाहून गडचिरोलीला जाणारा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, जिलेबीची दुकानं लागतात आणि भर दुपारी मैदानात दंडार उभी राहते. ढोलकी, पेटी, गाणी, टोमणे आणि त्यातून पुढे सरकणारी एक गोष्ट. बाईचं काम पुरुषच करतो. मी गावातल्या शाळेत मास्तर होतो आणि दंडारीत पेटी वाजवायचो. आमचं बौद्धांचं घर. शिकूनसवरून नोकरीला लागलेल्या पोराने नाचगाण्यात बसावं, हे माझ्या वडिलांना मुळीच पटत नसे. मी त्यांना सांगायचो, नाचतो केवळराम, मी नुसता बसतो.

दंडार रचायचा तो इस्तारी. तोही ढिवरच, केवळरामपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, बुटका, पान खाऊन दात लाल झालेला. पंचक्रोशीत त्याच्या गाण्यांचं नाव होतं. एकदा ऐकलेलं गाणं बायका वर्षभर, पुढच्या भातरोवणीपर्यंत म्हणायच्या. मी पाहिलेल्या माणसांत खरा प्रतिभावान म्हणावा असा तो एकच, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे पानाचे पैसे मागितले.

त्याची रचायची रीत निराळीच. तो केवळरामला डोंग्यात समोर बसवायचा आणि जाळं ओढता ओढता त्याच्याशी बायकोशी बोलावं तसं बोलायला लागायचा. "आज भाजी काऊन नाई केली वो?" केवळरामने बाईच्या आवाजात उत्तर द्यायचं. मग भांडण, रुसवा, समजूत. ज्याच्यावर दोघांना हसू फुटेल ते ठेवायचं, बाकीचं पाण्यात. काठावरचे ढिवर म्हणायचे, या दोघांच्या हसण्याने मासोळ्या पळतात. मासोळ्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या दंडारी सगळ्या त्या डोंग्यातून आल्या. लोक नाव इस्तारीचं घेत. केवळरामलाही त्यात वावगं वाटत नसे. तो म्हणायचा, "मी का करतो? तो बोलते आन् मी बोलतो, बस."

त्या वर्षीची दंडार अशी होती: नवरा जंगलकटाईच्या कामाला अहेरीकडे जातो. बायको म्हणते, येताना मला शिंगाची फणी आण, तोवर मी केस बांधणार नाही. तो दरवेळी विसरून येतो आणि दरवेळी नवी थाप मारतो. शेवटी फणी आणतो आणि भर मैदानात बायकोचे केस विंचरायला बसतो. तालमीत आम्ही हसून हसून आडवे झालो होतो. केवळरामचे केस होते म्हणून ही गोष्ट सुचली, हे इस्तारी उघड सांगायचा.

दसरा झाला आणि इस्तारीने केवळरामला रंग-पावडर आणायला गडचिरोलीला पाठवलं. त्याच सकाळी इस्तारी जाळं खांद्यावर टाकून तलावाच्या मातीच्या पाळीवर चढला, छातीत कळ आली म्हणून मोहाच्या झाडाखाली टेकला आणि बैलगाडी जुंपेपर्यंत गेला. चाळिशीचाही नव्हता. दिवस मावळायच्या आत उरकायला हवं म्हणून सगळं घाईत झालं. केवळराम संध्याकाळच्या एसटीने उतरला तेव्हा चिता विझत आली होती. मीच त्याला सांगितलं. हातातली पिशवी त्याने माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "मास्तर, पावडर गुलाबी भेटली, पांढरी नाई भेटली." एवढंच. तो रडला नाही. मी त्याला हाताला धरून घरी पोचवलं.

दहाव्याला भाऊकीतले पुरुष तलावावर जमले. आमच्यात हा विधी नाही, म्हणून मी पाळीवर बाजूला उभा होतो. पोचू न्हावी एकेकाचं डोकं भादरत होता. तेवढ्यात केवळराम आला, दुपट्टा सोडून केस मोकळे केले आणि रांगेत बसला. त्याची पाळी आली तसा पोचूचा वस्तरा थांबला.

"तू कोण लागते त्याचा?"

खरंच कोण लागत होता तो? इस्तारीचा चुलतभाऊ मंगरू म्हणाला, "भाऊकीतल्यायनंच बसाचं. बाकीच्यायनं उठाचं." त्याचंही चुकलं म्हणता येणार नाही. डोकं कुणी द्यायचं, ते ठरलेलं असतं. तोवर आमच्या दंडार मंडळाचे म्होरके वामनराव धापा टाकत आले. कुणीतरी त्यांना केसांची बातमी पोचवली होती.

"अरे पागल झाला का? मंडई तोंडावर आली. त्याची दंडार तुया केसावर उभी हाये. केस गेले तं त्याची दंडार गेली. तुले तेच करायचं हाये का?"

केवळराम उठला. ओल्या मातीचे हात धुतले, केस बांधले आणि डोंग्याकडे चालायला लागला. त्याला दुःख करायचं होतं आणि कुठल्या नात्याने करायचं ते कुणी सांगत नव्हतं. घरातला नाही, भाऊकीतला नाही, आणि मंडळाला तो केसांसकट हवा होता. मला संताप आला. मी वामनरावांना म्हटलं, "भाऊ, माणूस मेला आणि तुम्ही फणी सांभाळता." ते म्हणाले, "मास्तर, त्या माणसाचं आता दुसरं का राह्यलं हाये?" त्यांचं खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

दंडार करायची की नाही, हे विचारायला आम्ही इस्तारीच्या बायकोकडे गेलो. वच्छला कमी बोलणारी बाई, दोन लहान मुली पदरात. म्हणाली, "त्यायनं बनवली हाये तं लोकायले पाहू द्या." इस्तारीचं काम देवाजीला दिलं. देवाजीचा गळा चांगला आणि पाठांतर चोख. पण तो आपलं वाक्य संपवून मोकळा व्हायचा, उत्तराची वाट बघायचा नाही. केवळराम त्याच्यासमोर ठरलेलं ठरल्यासारखं बोलायचा. तालमीला तो वेळेवर यायचा, काम करायचा, निघून जायचा. कुंता मला म्हणाली, "मास्तर, हा घरी जेवते, झोपते, पर मले वाटते हा अजून गडचिरोलीवून आलाच नाई."

मंडईच्या दिवशी ऊन लख्ख होतं. मैदान भरलं. बायकांच्या बाजूला शेवटी, कडुलिंबाच्या बुंध्याशी वच्छला मुलींना घेऊन बसलेली दिसली. इतक्या लवकर ती चारचौघांत आली म्हणून बायका कुजबुजल्याही असतील. नवऱ्याची शेवटची दंडार बघायला आली होती ती.

सुरुवात झकास झाली. केवळराम हिरवं लुगडं नेसून आला तशा शिट्ट्या पडल्या. पहिली थाप, दुसरी थाप, लोक पोट धरून हसत होते. मधेच कुणी उठून यायचं, नोट द्यायचं, आणि वामनराव भोंग्यावर नाव पुकारायचे, अमक्या गावच्या तमक्यांकडून बक्षीस. तिसऱ्या खेपेला नवरा परत येतो. देवाजी आला आणि उभा राहिला. पहिलं वाक्य त्याचं होतं, ते तो साफ विसरला. आमच्या त्या चोख पाठांतरवाल्याला नेमकं तेव्हाच काही आठवेना. तो केवळरामकडे बघत नुसता थांबला. पहिल्यांदाच थांबला.

इस्तारी असाच थांबायचा. केवळरामने वर पाहिलं आणि आपलं वाक्य टाकलं.

"इतके दिवस कुठी होता?"

यावर लोकांनी हसायचं, असं ठरलेलं होतं. हसलेही. पण तो पुढे बोलत राहिला आणि ते पुढचं दंडारीत नव्हतं.

"मले बजाराले पाठवलं आन् तू निंगून गेला. सांगून तं जाचं होतं रे. मी पावडर घेऊन आली, तं तुई राख झालती. मले कोनी तोंड दाखवलं नाई तुयं."

त्याने अंबाडा सोडला, खाली बसला, आणि आमच्याकडे बायका मयतीत रडतात तसा सूर धरून रडू लागला. एकेक आठवण काढून. डोंग्याची, जाळ्याची, पानाने लाल झालेल्या दातांची. पुरुषाचं असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. अंगावर लुगडं होतं म्हणून त्याला ते करता आलं, असं मला वाटतं. धोतरात असता तर कुणीतरी दंडाला धरून उठवलं असतं आणि बिडी दिली असती. माझे हात पेटीवरून खाली आले. ढोलकीही थांबली.

लोकांना काय कळणार? त्यांना वाटलं, इस्तारी जाता जाता कमाल करून गेला. हसवता हसवता असं रडवलं! बाया डोळे पुसायला लागल्या. एक पाहुणा उठला, दहाची नोट केवळरामच्या पदरात टाकली. मग दुसरा, मग रांगच लागली. वामनरावांनाही उमगलं नव्हतं. ते भोंग्यावर पुकारत होते, "वरोऱ्याच्या पाव्हण्यायकडून केवळरामच्या रडण्याले बक्षीस!" मी त्यांना हातवारे करून थांबवायला बघत होतो. त्यांना वाटलं, मी आवाज वाढवा म्हणतोय.

तेवढ्यात वच्छला उठली. बायकांमधून वाट काढत पुढे आली. तीही बक्षीस द्यायला येते आहे असं समजून वामनराव नाव घ्यायला सरसावले, आणि ती कोण आहे ते ओळखून त्यांनी हातातला माईक माझ्या पेटीशेजारी ठेवला.

ती केवळरामसमोर बसली. त्याच्या पदरातल्या नोटा तिने उचलून बाजूला, माझ्या पेटीवर ठेवल्या. तोंडावर आलेले केस मागे सारले. माईक चालूच होता, म्हणून ती हळू बोलली तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे घरचं रडणं हाये, भाऊ. इथी नाई रडाचं. घरी चाल."

तो तसाच उठला. लुगडं, बांगड्या, गालावर उतरलेली गुलाबी पावडर, पाठीवर मोकळे केस. ती पुढे, मुली मधे आणि तो मागे, असे ते जिलेबीच्या दुकानांमधून भर दुपारी चालत गेले. कुणी हसलं नाही. मंगरू वाटेतच उभा होता, तो बाजूला झाला.

दंडार अर्धीच राहिली. मी पेटी झाकली आणि थोड्या वेळाने इस्तारीच्या घरी गेलो. मंडईला आलेले पुरुष अंगणात दबकत जमत होते. आतल्या खोलीत नात्यातल्या बायका जमिनीवर दाटीने बसल्या होत्या. त्यांनी सरकून केवळरामला मधे जागा करून दिली होती.